पेपर कोण वाचतं हे पेपरलाच माहीत नव्हतं

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी नागपूरच्या महाल भागातल्या एका छोट्या मराठी दैनिकाच्या ऑफिसात वर्षभराची हिशोबाची पुस्तकं लावत बसले होते, कूलर सुरू होता तरी घामाने कागद हाताला चिकटून राहिले होते, आणि संपादक सर समोरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगा, पेपर अजून किती महिने चालेल?"

मी त्यांचं अकाउंट आणि जीएसटी सहा वर्षांपासून बघते. पेपरचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. पण हा पेपर आमच्या घरी मी चौथीत होते तेव्हापासून येतो, बाबा त्यातलं शब्दकोडं सोडवायचे आणि आई निधनवार्ता आधी वाचायची, त्यामुळे हा क्लायंट माझ्यासाठी बाकी क्लायंटसारखा कधीच नव्हता. मी म्हटलं, "सर, असंच सुरू राहिलं तर पंधरा महिने." ते काहीच बोलले नाहीत, चहा सांगितला फक्त.

आता ते पंधरा महिने कुठून आले ते सांगते, कारण लोकांना वाटतं मोबाईल आला आणि पेपर बुडाले, आणि गोष्ट एवढी सरळ नाही. पेपर पाच रुपयांचा. त्यातून हॉकरचं कमिशन, एजंटचं कमिशन, रात्री तालुक्याला गठ्ठे नेणाऱ्या गाडीचं भाडं काढलं की ऑफिसच्या हातात जे उरतं त्यात नुसता कागदही येत नाही, शाई, प्लेट, बाहेरच्या प्रेसमधली छपाई आणि पगार तर सोडूनच द्या. आपल्याकडे वाचकाने पेपरची पूर्ण किंमत कित्येक वर्षांत दिलेलीच नाही, ती जाहिरातदार द्यायचा. आधी रविवारी छोट्या जाहिरातींची दोन पानं भरायची, प्लॉट विकणे, वधू पाहिजे, टायपिस्ट पाहिजे, हरवले आहे. प्लॉट आणि जुन्या गाड्या ओएलएक्सवर गेल्या, लग्नं मॅट्रिमोनी साइटवर गेली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर तर सेंट्रल एव्हेन्यूवरचा साडीवालाही फेसबुकवर जाहिरात करायला लागला, कारण तिथे पाचशे रुपयांत सुरुवात होते आणि किती लोकांनी पाहिली तो आकडा संध्याकाळी दिसतो. आम्ही त्याला कोणता आकडा दाखवणार?

वर कागद. न्यूजप्रिंटचा मोठा भाग बाहेरच्या देशांतून येतो. २०१९ च्या बजेटमध्ये त्यावर १० टक्के कस्टम ड्यूटी लागली, पुढच्या फेब्रुवारीत ती ५ वर आणली तोपर्यंत कोविड दाराशी होता, आणि त्यातून जरा उभं राहत नाही तर २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध आणि कागदाचे भाव आकाशाला. त्या वर्षी सरांनी चार पानं कमी केली. पानं कमी झाली की वाचक म्हणतो पाच रुपयांत आता काहीच नसतं, आणि बंद करतो.

मग छोटा पेपर जगतो कशावर? निधन, पुण्यस्मरण आणि नोटिसांवर. हे फार लोकांना माहीत नसतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात लिहिलंय की जमीन घ्यायची प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत आली पाहिजे आणि त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं पाहिजे. बँकेने थकलेल्या कर्जापायी घराचा ताबा घेतला तर त्याचीही नोटीस दोन पेपरांत, एक स्थानिक भाषेतला. म्हणजे ज्याची जमीन किंवा घर जाऊन राहिलंय त्याला त्याच्या भाषेत कळावं म्हणून कायद्याने पेपर धरलाय. फक्त पैसे वेळेवर येत नाहीत. माझ्याकडे येणं असलेल्या बिलांची जी यादी आहे त्यात एका सरकारी कार्यालयाचं बिल चौदा महिने जुनं होतं, मी स्वतः तीनदा गेले, दरवेळी वेगळा कागद मागितला. आणि त्या चौदा महिन्यांत कागदवाल्याला मात्र रोख लागतो.

सरांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. माझ्या आधीच त्यांनी एका कंपनीकडून ॲप बनवून घेतलं होतं, बऱ्यापैकी पैसे गेले, आणि ते ॲप दर दोन महिन्यांनी बंद पडायचं आणि प्रत्येक दुरुस्तीचं वेगळं बिल. मग वेबसाइट. वेबसाइटवर एक मुलगा बसवला, हुशार पोट्टा होता, त्याला सांगितलं क्लिक वाढव, त्याने वाढवले, सिनेमाच्या नट्या आणि राशिभविष्य आणि "हे पाहून थक्क व्हाल". क्लिक आले पण गुगलच्या जाहिरातींचे महिन्याचे पैसे त्याच्या अर्ध्या पगाराइतकेही नव्हते. आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की त्या वेबसाइटवर नागपूर कुठे दिसतच नव्हतं. नट्यांच्या बातम्या मुंबईतून पन्नास जण देऊन राहिले आहेत, त्यासाठी महालातल्या पेपरकडे कोण येईल? कळमन्याच्या मार्केटमध्ये संत्र्याला काय भाव निघाला, हुडकेश्वरला कोणत्या दिवशी नळ येणार नाही, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फुटपाथबद्दल काय म्हटलं, हे मात्र मुंबईवाला देणार नाही.

एक व्यावसायिक पैसे टाकायलाही तयार होते. भला माणूस, बोलणं गोड. फक्त लेआउट आणि बांधकाम परवानग्यांच्या बातम्या छापायच्या आधी "एकदा दाखवत जा" एवढंच म्हणाले. सरांनी हात जोडले. मी अकाउंटंट आहे, मला तेव्हा ती रक्कम डोळ्यासमोर दिसत होती, तरी मला वाटतं सरांनी बरोबर केलं.

देणगीचाही विषय निघाला. अमेरिकेत सॉल्ट लेक ट्रिब्यून नावाचं जुनं दैनिक २०१९ मध्ये ना-नफा संस्था झालं, लोक त्याला देणगी देतात, हे मी सरांना सांगितलं. सर म्हणाले आपल्याकडेही आधार देणारे होतेच की, बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते, त्या काळचे २५००, तरी १९२३ मध्ये तो बंद पडला. एकदा आलेल्या मोठ्या रकमेने पेपर सुरू होतो, दर महिन्याचं भागत नाही. ते मला पटलं, कारण माझ्या वहीतही तेच दिसतं, ज्या धंद्याकडे दर महिन्याला ठरलेले छोटे पैसे येतात तो तगतो.

सर इतिहास सांगायला लागले की थांबत नाहीत. १९११ चा 'हितवाद', गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने इथे नागपुरात सुरू केलेला, अजून निघतो. गोपाळराव ओगल्यांचा 'महाराष्ट्र' गेला. 'नागपूर पत्रिका' गेली, 'नागपूर टाइम्स' गेला. ते नावं घेत होते तेव्हा मला गल्लीतल्या गेलेल्या म्हाताऱ्यांची नावं कोणी घेतं तसं वाटलं.

खरा फरक मला कुठे दिसला ते सांगते. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र कोणी नागपूरकर विसरला नसेल, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नागनदीचं पाणी घराघरात, मोरभवन बसस्थानकातल्या बसा पाण्यात. आमच्या फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे कोणीतरी टाकलं, "अंबाझरी फुटलं, पळा." माझी मावशी अंबाझरी लेआउटला राहते, तिचा फोन लागत नव्हता, मी रडायला लागले होते. तेव्हा या पेपरच्या एका वार्ताहराने छातीएवढ्या पाण्याच्या काठावर उभं राहून मोबाईलवर दोन ओळी पाठवल्या, धरण फुटलेलं नाही, सांडव्यावरून पाणी जात आहे, अमुक रस्ता बंद आहे, बोटी इथपर्यंत आल्या आहेत. त्या दोन ओळी मी किमान दहा जणांना पाठवल्या. त्यासाठी मी एक रुपयाही दिला नव्हता. त्याचा मोबदला त्या वार्ताहराला कुठून मिळणार हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

आणि मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली, मग वर्षानुवर्षं प्रशासक. नगरसेवक नाही, सभा नाही, गडर तुंबलं तर सांगायचं कोणाला. त्या काळात या पेपरचा "तुमच्या वॉर्डातून" नावाचा अर्धा कॉलम हाच लोकांचा नगरसेवक होता असं म्हटलं तरी चालेल, फोटो छापून आला की दोन दिवसांत खड्डा बुजायचा. हा कॉलम वेबसाइटवर टाकतच नव्हते! कारण काय तर क्लिक येत नाहीत.

तर एप्रिलच्या त्या चहानंतर मी ठरवलं की हिशोबापलीकडे जे जमेल ते करायचं. पहिलं पीडीएफचं. रोज पहाटे आमचा पूर्ण पेपर पीडीएफ होऊन शे-दोनशे व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायचा, फुकट. सर चिडायचे. २०२० मध्ये जागरणवाल्यांनी टेलिग्रामवर फिरणाऱ्या ई-पेपरसाठी दिल्ली हायकोर्टात आदेश मिळवला होता, आपणही नोटीस पाठवू म्हणाले. मी म्हटलं सर, जो माणूस रोज पहाटे साडेपाचला उठून तुमचा पेपर दोनशे लोकांना पाठवतो तो चोर आहे की तुमचा सगळ्यात पक्का वाचक आहे? शोधून काढलं, एक रिटायर्ड पोस्टमन निघाले, मेडिकल चौकाजवळ राहतात. सरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं, ते घाबरून आले. त्यांना सांगितलं की काका, पूर्ण पेपर नका पाठवू, आम्ही रोज पहाटे पाच बातम्यांचा मजकूर देतो, खाली पेपरचा नंबर असेल, तो पाठवा. आज ते काका तेच करतात आणि चुका आढळल्या तर संपादकांना फोनही करतात.

दुसरं जुन्या अंकांचं. हे काम माझ्या अंदाजापेक्षा दहापट निघालं. १९९८ पासूनची सगळी पानं कॉम्प्युटरवर आहेत पण ती श्रीलिपी फॉन्टमध्ये लावलेली, युनिकोड नाही. म्हणजे पडद्यावर तुम्हाला मराठी दिसतं पण कॉम्प्युटरसाठी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, गुगलला त्यातलं एक अक्षर सापडत नाही. पंचवीस वर्षांचं नागपूर, प्रत्येक वॉर्डाची निवडणूक, प्रत्येक मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमीवरचे सोहळे, सगळं कपाटात बंद. कन्व्हर्टर असतात, पण रफार सरकतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, "कार्यकर्ते" चं काहीतरी भलतंच होतं. मग माणसाने बसून वाचावंच लागतं. दोन रिटायर्ड मुद्रितशोधक आणि तीन कॉलेजच्या मुली शनिवारी बसतात, आतापर्यंत जेमतेम चार वर्षांचे अंक झाले. पण बंगळुरूच्या एका मुलाने आपल्या आजोबांच्या २००४ च्या निधनवार्तेसाठी मेल केला, त्यांचा एकही चांगला फोटो घरी उरला नव्हता, आणि आमच्या मुलींना तो सापडला. त्याने न मागता हजार रुपये पाठवले. मी ते हजार रुपये कोणत्या हेडखाली दाखवायचे यावर अर्धा तास विचार केला, तसं हेडच नव्हतं.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

वर्गणीचं मॉडेल काढायचं ठरलं. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये वेबसाइटवर पैसे लावले, महिन्याला वीस लेख फुकट आणि मग वर्गणी, ते आज त्यावर जगतात वगैरे सगळं मी वाचलं होतं. मी सरांना विचारलं, आपल्या वाचकांची यादी द्या, आपण त्यांना फोन करू. सरांनी सर्क्युलेशनच्या माणसाकडे पाहिलं. त्याने एजंटांची यादी दिली, त्यात नाव, किती प्रती, किती बाकी. मी म्हटलं ही नाही, वाचकांची. ते म्हणाले ती नसते. कुठेच नाही. इतकी वर्षं रोज पेपर काढून ऑफिसला एका वाचकाचं नाव, पत्ता, नंबर माहीत नाही! फेसबुकला माझी चप्पलची साइज माहीत आहे आणि ज्या पेपरने आमच्या घरातली तीन निधनं छापली त्याला मी वाचक आहे हेच माहीत नाही.

मग यादी कोणाकडे असेल? मी पहाटे साडेचारला सीताबर्डीला, म्हणजे आमच्या बर्डीवर गेले. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी एकदा पाहावं, रस्त्याच्या कडेला बसून पोरं आणि म्हातारे पुरवण्या आत घालतात, हात इतके भरभर चालतात की नजर ठरत नाही, कोणाच्या तोंडात खर्रा, कोणाच्या मांडीवर थर्मास. आमच्या भागात पेपर टाकणारे काका तिथेच भेटले, मी त्यांना लहानपणापासून पाहते. म्हटलं काका, तुमची वही दाखवा. ते लाजले. "अवो ताई, ते काय हिशोबाची वही हाय का, आमच्यापुरतं लिवलं हाय."

मी अनेक कंपन्यांची लेजर पाहिली आहेत पण अशी वही पाहिली नाही. घर नंबर नाहीत, गल्लीप्रमाणे ओळ. "पिवळं गेट, वकील, मराठी + इंग्रजी." "जिना, आजी एकटी, दार वाजवून देणे." "कुत्रं, गेटला अडकवणे." "१२ पासून १० दिवस बंद, काशी." "फक्त रविवार." "पैसे ५ तारखेला पेन्शन आल्यावर." कोण वाचतं, काय वाचतं, कधी गावाला जातं, कोणाच्या हातात पैसा कधी येतो, कोण आजारी आहे. आणि लाल पेनने काट मारलेली घरं, प्रत्येकासमोर कारण. "मुलाकडे पुणे." "कोविडपासून बंद." "स्कीम झाली, वर जाऊ देत नाही."

त्या शेवटच्या कारणावर मी थांबले. मनीषनगर, बेसा, सगळीकडे जुनी घरं पडून फ्लॅट स्कीम झाल्या, आणि सिक्युरिटीवाला हॉकरला लिफ्टने वर जाऊ देत नाही, गठ्ठा खाली टेबलवर ठेवायचा, मग ज्याला जो पेपर हाती लागेल तो घेऊन जातो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला मिळत नाही, तो चार दिवस वाट पाहून बंद करतो. ऑफिसात मात्र याची नोंद "डिजिटलमुळे खप कमी" अशी.

कोविडचंही काकांनी सांगितलं. १८ एप्रिल २०२० च्या आदेशात सरकारने घरोघरी पेपर टाकायला बंदी घातली होती, पत्रकारांच्या संघटना नागपूर खंडपीठात गेल्या, काही दिवसांत मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित भाग सोडून बंदी सैल झाली. पण लोक पेपरला हात लावायला घाबरत होते. काकांची ३४० घरं होती, त्यातली १६० राहिली. "लोकं म्हणत, काका तुम्ही या, बसा दूरून, पण पेपर नका देऊ." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

तेव्हा मी सरांना म्हटलं, डिजिटल वर्गणी काकाच विकतील. ॲप नाही, पासवर्ड नाही. महिन्याला साठ रुपये, पहाटे पाचला व्हॉट्सॲपवर तुमच्या भागाच्या बातम्या, नळाचं, विजेचं, निधनवार्ता, आणि हवा असेल त्याला ई-पेपर. वर्गणी ज्या हॉकरने आणली त्याला त्यातले पंधरा रुपये दर महिन्याला, एकदा नाही, दर महिन्याला, वाचक टिकेपर्यंत. सर्क्युलेशनचे लोक म्हणाले डिजिटलमध्ये कमिशन कशाला, तोच तर खर्च वाचवायचा आहे. मी भांडले. त्या घराचं दार काका ठोठावू शकतात, तुमच्या कोणाला ते घर माहीत तरी आहे का? सरांनी माझं ऐकलं. छापील पेपर चालू ठेवला तर तेच डिजिटल वीस रुपयांत, कारण आम्हाला कागद बंद करायचा नव्हता, ज्या आजीला दार वाजवून द्यावं लागतं तिला मोबाईल नको आहे, पेपर घेऊन कोणीतरी आलेलं हवं आहे.

काकांना क्यूआर कोड लॅमिनेट करून दिला. त्यांची मुलगी बी. कॉम. करते, ती वही एक्सेलमध्ये घालते, फोन नंबर विचारून, हो म्हटलं तरच. अकरा हॉकर आले सुरुवातीला, आता सव्वीस आहेत. काही सोडूनही गेले, दोघांनी स्विगीचं काम धरलं, त्यात लगेच पैसे मिळतात, मी त्यांना काय बोलणार. वर्गणीचे पैसे सध्या फक्त एका वार्ताहराचा आणि त्या वेबसाइटवाल्या पोट्ट्याचा पगार काढतात, त्याच्यावर नाही. पोट्टा आता नट्या सोडून मनपाच्या निविदा वाचतो आणि त्याला त्यात मजा येते असं तो स्वतः म्हणतो. ते सरकारी बिल अजून आलेलं नाही. माझा पंधरा महिन्यांचा आकडा मी मागच्या तिमाहीला पुन्हा मांडला, बावीस आला. सरांना सांगितलं तर त्यांनी तो टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवला.

ज्यांच्याकडे १९९८ च्या आधीचे नागपूरचे मराठी पेपर असतील, कोणताही, फाटलेला असला तरी, त्यांनी रद्दीत देऊ नका, मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन, स्कॅन करून परत आणून देईन.

परवा रविवारी पुन्हा बर्डीवर गेले होते. काकांनी न सांगता वहीत एक नवीन रकाना पाडला आहे, वर "व्हा" लिहिलं आहे, म्हणजे व्हॉट्सॲप. आमच्या गल्लीच्या पानावर देशपांड्यांच्या घराच्या ओळीवर २०२१ ची लाल काट होती, "मुलाकडे पुणे". काकांनी त्यांचा नंबर शोधून फोन केला होता. ती काट तशीच आहे, तिच्या बाजूला निळ्या पेनने टिक आहे आणि खाली लिहिलं आहे, "पुणे, चालू. आपल्या गल्लीचं विचारत होते."